मागील सभेचे इतिवृत्त

सभा चारची आहे, म्हणजे पाचला सुरू होईल.

एप्रिलमधला रविवार. जुहूतल्या एका महापालिका शाळेचा दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे तुमचे गुडघे फळीला खालून टेकलेत आणि हलायला वाव नाही. पंखा फिरतो, वारा वरच्या वर राहतो. मधूनच जुहू विमानतळावरून एखादं हेलिकॉप्टर उठतं आणि समुद्रातल्या तेलविहिरींकडे जातं. ते लांब जाईपर्यंत कुणी बोलत नाही, बोलून उपयोगही नसतो.

तुम्ही मंडळाचे सेक्रेटरी आहात. लेटरहेडवर गावाच्या नावापुढे ‘ग्रामस्थ मंडळ (मुंबई व ग्रामीण)’ असं छापलेलं आहे. गाव खेड तालुक्यातलं. वाड्या सहा, त्यांतल्या दोन आता पालखी फिरण्यापुरत्या. आठवड्याचे सहा दिवस तुम्ही इथल्याच जेव्हीपीडी वसाहतीतल्या एका चौदा मजली सोसायटीचा पंप बघता. पहाटे पालिकेचं पाणी आलं की खालची टाकी भरून घ्यायची, मग मोटर लावून वरची. चौदाव्या मजल्यावर शॉवर धो धो वाहायला लागला की तुमचा दिवस सुरू झाला. सातव्या दिवशी ही वही.

वही लांबट, पाठीला लाल कापड, कोपरे वाळवीनं कुरतडलेले. तिच्यावर ‘इतिवृत्त’ असं लिहिलंय. तिच्या पोटात आणखी दोन जुन्या वह्या दोऱ्यानं शिवलेल्या आहेत, कारण तुमच्या आधीच्या सेक्रेटरींपैकी कुणालाच काही टाकून देणं जमलं नाही. विषयपत्रिका नेहमीचीच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च, सभामंडपाची फरशी व कमान, मे महिन्यातली सत्यनारायणाची पूजा, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय. मराठी माणसांची कुठलीही सभा, मग ती साहित्य संस्थेची असो की पतपेढीची, या पहिल्या विषयाशिवाय पुढे सरकत नाही. आधी मागे जायचं, मग पुढचं बोलायचं.

तुम्ही तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज येतो.

“गावातल्या विहिरीची मोटर जळून बारा दिवस झाले. टँकर तीन दिवसांआड येतोय. फरशीचे पैसे आहेत ना शिल्लक? ते द्या मोटरला.”

“विषय विषयपत्रिकेत नाही,” अध्यक्ष म्हणतात. बेस्टमध्ये तीस वर्षं डबलडेकर चालवलेला माणूस. स्टॉप आल्याशिवाय थांबत नाही. “ऐन वेळच्या विषयांत घेऊ.”

“आणि देवाच्या नावानं फाडलेली पावती दुसरीकडे वळवता येत नाही,” खजिनदार पावतीपुस्तकावर हात ठेवून सांगतात. “तसा ठराव आहे.”

“कधीचा?”

“जुना. वहीत असेल. सेक्रेटरी, बघा.”

म्हणून तुम्ही पानं मागे उलटू लागता.

हात थांबतो ते पहिलं पान अर्धंच भरलेलं आहे. ‘सन २०२०. कोरोनामुळे सभा झाली नाही.’ अक्षर तुमचं. एवढं वाक्य लिहून तुम्ही तेव्हा वही मिटली होती. आता ते पुन्हा वाचताना वर्गाच्या भिंती विरतात आणि तुम्ही जुहूच्या वाळूवर उभे असता. मे महिना. संध्याकाळचे सहा वाजलेत आणि किनाऱ्यावर एक माणूस नाही. भेळेच्या गाड्या ताडपत्रीखाली बांधलेल्या, कुत्री लाटांपर्यंत जाऊन परत येतात. मागे तुमच्या नेहरूनगरात गल्लीच्या तोंडाशी आडवा बांबू. दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही सहा जण, आणि अंतर राखा असं सांगणारा भोंगा दिवसातून चार वेळा. सार्वजनिक संडासाच्या रांगेत अंतर कसं राखायचं, ते भोंगा सांगत नाही.

पास मिळतो. रात्री टेम्पोत अकरा माणसं, मुंबई–गोवा महामार्ग, आणि पहाटे कशेडी घाटात गाड्यांची शेपटी. कपाळावर तापमापकाचं पिस्तूल, नावगाव लिहून घेणं, मग पुन्हा रांग. सकाळी दहाला तुम्ही गावच्या वेशीवर पोहोचता. तिथंही आडवा बांबू. बांबूपलीकडे तुमचा सख्खा चुलतभाऊ, तोंडाला पंचा, नजर जमिनीवर.

“शाळेत चौदा दिस,” तो म्हणतो. “समित्यांनी ठरवलाय.”

शाळेच्या व्हरांड्यात संगमरवरी पाटी आहे. मुंबईकर ग्रामस्थांच्या देणगीतून ही इमारत उभी राहिली, असं तिच्यावर कोरलंय आणि खाली सव्वीस नावं. तिसरं तुमच्या आजोबांचं. त्या पाटीखाली तुम्ही वळकटी पसरता. लहानपणापासून मे महिन्यात तुम्ही गावी यायचात ते बॅगा भरभरून. मुंबईकर आला म्हणजे कंदीपेढे आले, बिस्किटं आली, कुणाच्या औषधाचे पैसे आले. पंधरा दिवस तुमचा शब्द खाली पडायचा नाही. या वेळी गाव लांब उभं आहे. दुपारी एक काकी डबा घेऊन येते, गडग्यावर ठेवते, दहा पावलं मागे जाते आणि तुम्ही उचलेपर्यंत थांबते. भाकरी, कुळथाची पिठी, वर कैरी. हंडाभर पाणीही तिनंच वाहून आणलंय, डोंगराखालच्या झऱ्यावरून. चौदा दिवसांत तुम्ही शाळेची कौलं मोजता. एका बाजूला रांगा एकोणीस.

त्यांतल्या दोन रांगा ३ जूनला उडतात. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागतं. दापोली, मंडणगडात सुपारीच्या बागा आडव्या होतात, तुमच्याकडे त्या मानानं थोडक्यात भागतं. मग मुंबईत अडकलेल्या मंडळींचे फोन सुरू होतात. पत्रे किती, ताडपत्र्या किती, कुणाच्या गोठ्याला आधी. ज्या मुंबईकरांना आठ दिवसांपूर्वी बांबूपलीकडे उभं केलं होतं, त्यांच्याच गुगल पेवरून पैसे येऊ लागतात. या सगळ्याचं इतिवृत्त लिहायला हवं होतं. तुम्ही एकच वाक्य लिहिलंत.

“मिळाला का ठराव?” वर्गातून कुणीतरी विचारतं.

“बघतोय.”

१९९८ची पानं तुम्ही भरभर उलटता, कारण त्या वर्षी सगळे खुशीत होते आणि खुशीतली इतिवृत्तं वाचवत नाहीत. २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. अ. ब. वालावलकरांनी ज्या रेल्वेसाठी जन्म घालवला आणि नाथ पै, मधु दंडवते ज्या रेल्वेसाठी संसदेत बोलत राहिले, ती आता खेडला थांबत होती. अभिनंदनाचा ठराव, टाळ्या, चहा. आणि पुढच्याच सभेपासून वहीत सिमेंट शिरतं. रात्री बसून सकाळी गावात पोहोचता येतं म्हटल्यावर दर पंधरा दिवसांनी कुणीतरी देवळाकडे बघून यायचा. कौलारू देऊळ, कोरीव लाकडी खांब, शेणानं सारवलेलं सभागृह; ते पाडून कळसाचं आरसीसी देऊळ बांधावं, हा ठराव ‘सर्वानुमते’ आहे. तुमचीही सही आहे खाली. ते खांब पुढे कुठे गेले, हे वहीत नाही. कुणाच्या तरी फार्महाऊसच्या ओट्यावर असतील.

सिमेंटची ही भूक केवळ कोकणी मानू नका. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाचे लोक बॉस्टन, मायामी, ब्रुकलिन, मॉन्ट्रियल इथं चर्चच्या तळघरात बसून अशाच सभा घेतात. एकेका गावाचं एकेक मंडळ, वर्गणी, स्नेहभोजन, शाळेचं छप्पर, दवाखान्याची खोली. त्यांच्या देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा परदेशातून घरी धाडलेल्या पैशांचा असतो. आपल्याकडे रत्नागिरीला ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हणत, तसा हा अख्खा देश आहे. हैतीचे विभाग नऊ होते, म्हणून बाहेरच्यांना तिथं ‘दहावा विभाग’ म्हणायचे. २००३मध्ये निप हा खराच दहावा विभाग झाला आणि परदेशी गेलेले अकरावे झाले. आपल्या इर्जिकीला ते ‘कोंबित’ म्हणतात: दहा घरांनी मिळून एकाचं शेत उरकायचं आणि मग त्याच्याकडे जेवायचं. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर जगभरच्या मोठ्या संस्था पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरल्या, मदतीचा बहुतेक पैसा सरकारला आणि स्थानिक मंडळांना वळसा घालून त्यांच्याच हातून खर्च झाला. तेव्हा गावोगावच्या माणसांनी काय केलं असेल ते तुम्हांला अंदाजानं कळतं. ब्रुकलिनला फोन लावला असेल.

अमेरिकेतल्या मराठी लोकांनी १९७८मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, त्याचं नाव शिकलेल्या घरांत माहीत असतं. परदेशातून गावाकडे पैसा येतो तेव्हा त्याला कार्य म्हणतात. लालबागहून खेडला जातो तेव्हा वर्गणी.

आता अक्षर बदलतं. निळी शाई, उजवीकडे झुकलेलं, वेलांट्या लांब. तुमच्या वडिलांचं. आणि इथून पुढे तुम्ही तुमचे वडील आहात. यात आश्चर्य काही नाही. मंडळाचं सेक्रेटरीपद देवळाच्या मानासारखंच घराण्यात फिरतं.

१९८२. तुम्ही गिरणीत साचेवाले. १८ जानेवारीपासून मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू आहे, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पहिले दोन महिने तुम्ही गेटवर जाता. मग एक दिवसाआड. ज्या खाणावळीत सहा वर्षं जेवलात, तिथली बाई उधारी मागत नाही, पण ताटात भात वाढताना तिचा हात आखडतो आणि ते तुम्हांला दिसतं. गावकीच्या खोलीत माणसं कमी होत चालली आहेत. जो तो ट्रंक उचलून गावी.

या खोलीविषयी थांबून सांगायला हवं. लालबाग-परळच्या चाळींत प्रत्येक गावाची अशी एक खोली असायची. भाडं गावच्या नावानं, माणसं वीस, पंचवीस, कधी तीस. पहिल्या पाळीचा कामावर निघाला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. चटई गार व्हायची नाही. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर ट्रंका, प्रत्येक ट्रंकेला कुलूप आणि खोलीला एक देव. मंडळ जन्मलं ते इथं, पगाराच्या रविवारी. दामोदर हॉलात शक्ती-तुऱ्याचा सामना लावून पैसे उभे करायचे ते इथूनच ठरायचं.

आणि आता या खोलीच्या दारात उलटी गंगा. एसटीच्या टपावरून तांदळाची पोती उतरताहेत. गावानं धाडलीत. उकडा तांदूळ, नाचणी, थोडे कुळीथ. शंभर वर्षं मुंबईहून पैसे गावाला गेले, या वर्षी गाव मुंबईला खायला घालतंय. ही पोती भरली कुणी? गावात त्या उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम चालू आहे, रस्त्याची खडी. बायका हातोड्यानं खडी फोडतात, मजुरीतून घर चालवतात, आणि घरचा तांदूळ पोत्यात जातो. संप मागे घेतला असं पुढे कुणीच कधी जाहीर केलं नाही. वर्षभरानं तुम्ही जुहूला येता, जेव्हीपीडीत इमारती उठताहेत तिथं बिगारी म्हणून, मग वॉचमन, मग नेहरूनगरात झोपडं. गिरणीतल्या माणसाचं पोरगं जुहूत कसं वाढलं, त्याचं उत्तर हे आहे.

या वर्षाच्या पानावर एक ठराव आहे. तुम्ही तो मोठ्यानं वाचता, आणि वर्गातली चुळबुळ थांबते.

‘देवाच्या फंडातून ज्या सभासदांस गावी जावयाचे आहे त्यांस एसटीचे तिकीट काढून द्यावे. गावी पत्र पाठवून कौल घेतला असता उजवा कौल मिळाला आहे. देवाची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर.’

खजिनदार पावतीपुस्तकावरचा हात काढून मांडीवर ठेवतात.

“हा तो ठराव नव्हे,” ते म्हणतात. “त्याच्याही आधीचा असेल. शाळा बांधली तेव्हाचा.”

तर मग १९५३. वहीतला कागद आता पिवळा आणि दाढीसारखा खरखरीत. तुम्ही तुमचे आजोबा. मंडळ सरकारदरबारी नोंदायचं आहे. १८६०च्या कायद्यानं सात माणसं लागतात आणि १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं हिशेब लागतो. सात सह्यांपैकी चार मोडीत, दोन बाळबोध, एक अंगठा. गाव तेव्हा नुकतंच मोकळं झालेलं. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा काढला, तुम्हीही त्यात होतात, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आता मनीऑर्डरचा पैसा खोताच्या घशात जाणार नाही. मग पहिल्यांदाच प्रश्न पडतो, या पैशाचं करायचं काय? शाळा, असं ठरतं. मास्तर मिळेल, इमारत तुमची तुम्ही बांधा.

मे महिन्यात सगळे गावी. जांभ्याचे चिरे डोंगरातून काढायचे, माथ्यावरून खाली आणायचे. वहीत रोजची नोंद आहे, तुमच्याच हातची, अभिमान वाटावा अशी. ‘श्रमदान: पुरुष ४२.’ दुसऱ्या दिवशी ‘पुरुष ३९.’ पण तुम्ही आता तिथंच उभे आहात, आणि मातीचा गारा मळायला पाणी लागतं, पाणी खाली झऱ्यावर आहे, आणि झऱ्यापासून शाळेपर्यंतच्या चढावर बायकांची रांग आहे. डोक्यावर दोन, कमरेवर एक. पायाखालची वाट ओली होऊन घसरते म्हणून त्यांनी वाटेवर पालापाचोळा टाकलाय. तुम्ही मोजता. एकवीस, बावीस, एक गरोदर. वहीत पाण्याविषयी एक अक्षर नाही. बहुधा पाणी आपोआप येत असावं, असं ती वाचणाऱ्याला वाटेल.

संध्याकाळी तुम्ही नोंद करायला बसता तेव्हा लेखणी तुमच्याच हातात असते. ‘पुरुष ४२’ लिहून तुम्ही शाई टिपता.

त्या वहीच्या पहिल्या पानावर, टाचणीनं लावलेला, टाचणीचा गंज आरपार गेलेला, एक कागदाचा कपटा आहे. मनीऑर्डरची पोच. सभेत ती वाचायचं काही कारण नाही, पण नजर गेली आहे तर आता उशीर झाला.

१९३२, ऑक्टोबर. तुम्ही तुमचे पणजोबा, आणि योगायोगानं जुहूतच. समुद्राकाठी मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले आहेत, हवापालटासाठी बांधलेले. आठ वर्षांपूर्वी अशाच एका बंगल्यात गांधीजी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर येऊन राहिले होते, ते माळी लोक अजून सांगतात. एका बंगल्यात तुम्हीही माळी आहात. सकाळी बैल रहाटाला जुंपायचा, पाटानं पाणी सोडायचं, बाग शिंपायची. जुहू म्हणजे वाळूची एक लांब पट्टी, ताडामाडांची गर्दी, भंडारी ताडावर चढलेले, कोळ्यांची जाळी वाळत घातलेली. खाजणातून भरतीचं पाणी आत शिरतं. विमानतळ आहे, चार वर्षांपूर्वी झालेला, पण तो विमानतळ आहे हे सांगावं लागतं. पावसाळ्यात तिथं चिखल होतो आणि विमानांना पुण्याला जावं लागतं.

१५ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास तुम्ही बैल सोडून कुंपणाशी येता, कारण आभाळात आवाज आहे. एक लहानसं विमान उतरतं. पुस मॉथ. आतून एक उंच, सडपातळ तरुण उतरतो: जे. आर. डी. टाटा. सकाळी कराचीहून निघाला, वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, ते म्हणे बैलगाडीतून डबे आणून. विमानात टपालाच्या थैल्या आहेत. इथून पुढे दुसरा वैमानिक, नेव्हिल व्हिन्सेंट, त्या बेल्लारीमार्गे मद्रासला नेणार. कराचीचं पत्र जेवणाच्या वेळेला जुहूत!

तुमच्या खिशात दहा रुपये आहेत, आणि ते खेडला पोहोचायला किती दिवस लागतील त्याचा हिशेब तुम्ही करता. टपालाची थैली भाऊच्या धक्क्याहून बोटीनं दाभोळला, तिथून खाडीतल्या होडीनं जगबुडी नदीत वर, खेडच्या बंदराला. तिथून पायी पोस्टमन, दोन ओढे, एक डोंगर. बोट पावसाळ्यात बंदच, आता कुठे सुरू झालीय. १८८० सालापासून हिंदुस्थानात मनीऑर्डर आहे, म्हणजे बावन्न वर्षं हा पैसा असाच चालत चालत जातोय.

रविवारी तुम्ही लालबागला गावकीच्या खोलीवर जाता. तिथला एक लिहिता येणारा भाऊ सगळ्यांचे फॉर्म भरतो, मजकुराला एक विडी घेतो. फॉर्मच्या खालच्या बाजूला निरोपाला बोटभर जागा असते. तेवढ्यात नवऱ्यानं बायकोशी काय बोलायचं ते बोलायचं, तेही खोलीतल्या बावीस जणांसमोर मोठ्यानं सांगून. तुम्ही सांगता: पैसे धाडले आहेत. खोताचे आधी द्यावे. धाकटीचा ताप कसा आहे ते कळवावे. विहिरीच्या कामाचे बघू.

“बघू लिहू की करू लिहू?” भाऊ विचारतो.

“बघू.”

एकवीस दिवसांनी पोच परत येते. तिच्यावर तारखेचा शिक्का, पोस्टमनची साक्ष, आणि त्याच्याच वळणदार अक्षरात ‘अमक्याची बायको, निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. अमक्याची म्हणजे तुमची. अंगठा शाईत जास्त बुडवलेला, त्यामुळे रेषा एकमेकींत मिसळल्यात, फक्त मधे एक पांढरी आडवी चीर. कोयता लागल्याची असेल, किंवा रहाटाच्या दोराची. गावात रहाट कुठला म्हणा, पोहऱ्याचा दोर. त्या कपट्यावर तुमचं पूर्ण नाव आहे, खोलीचा पत्ता आहे, पोस्टमनचं नाव आहे.

“सेक्रेटरी! झोपलात की काय?”

वर्ग. पंखा. गुडघ्यांना फळी. सरकारनं १ एप्रिल २०१५पासून जुनी कागदी मनीऑर्डर बंद केली, त्यामुळे आता पोच येत नाही, फक्त मोबाइल टिंग वाजतो. तुम्ही वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलीत.

“असा ठराव नाही,” तुम्ही म्हणता. “देवाचा पैसा दुसरीकडे वापरू नये असा कुठेच नाही. वापरला, असा आहे.”

खजिनदारांचा चेहरा पडतो. वाईट माणूस नाही तो. प्रत्येक पावती त्यानं स्वतः फाडली आहे, दीनानाथ नाट्यगृहात नमनाचा प्रयोग लावला तेव्हा तिकिटं घेऊन इर्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत दारोदार तोच फिरला. फरशी त्याला डोळ्यांपुढे दिसते. कमानीवर नावं येणार, त्यात त्याच्या वारलेल्या वडिलांचं. मोटरवर कुणाचं नाव कोरत नाहीत, आणि ती खोलात, पाण्याखाली.

कमानीचा आराखडा बाकावरून फिरतो. दोन हत्ती, मधे गणपती. तुम्हांला २०११च्या जनगणनेचे आकडे आठवतात, गेल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या कामासाठी शोधले होते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. हजार पुरुषांमागे रत्नागिरीत अकराशे बावीस बायका. जन्माचं प्रमाण त्याला कारण नव्हे. पुरुष इकडे आहेत, या बाकांवर. कमानीखालून मे महिन्यात आणि गणपतीत आपण जाणार, उरलेले दहा महिने त्या अकराशे बावीस जणी. त्यांतल्या एकीनंही कमान मागितल्याचं वहीत नाही. त्यांनी काहीही मागितल्याचं वहीत नाही.

जमाखर्च होतो. पूजेची तारीख ठरते. चहा येतो, प्लास्टिकच्या पिशवीतून, बशीएवढ्या कपांत. अखेर अध्यक्ष घड्याळ बघतात.

“अध्यक्षांच्या म्हणजे माझ्या परवानगीनं ऐन वेळचे विषय. मोटर. गावाला फोन लावा.”

व्हिडिओ कॉल लागतो. फोन फळ्याच्या कडेला खडूच्या पेटीला टेकवून ठेवतात. पडद्यावर आधी आंब्याचा बुंधा, मग आभाळ, मग एक कपाळ. रेंज त्या आंब्याखालीच येते. काकी आहे, गडग्यावर डबा ठेवणारी. बचत गटाचं सगळं तीच बघते. मागे हंड्यांची रांग, आणि हंड्यांच्या मालकिणी पायांवर बसलेल्या.

“मोटर रिवाइंड करून चालंल का नवी पाहिजे?” अध्यक्ष विचारतात.

“नवीच पाहिजे,” काकी म्हणते. “भरून उपेग न्हाय. जुनी तीन एचपीची होती, ती पानी वर ढकलीत नवती म्हनूनच जळली. पाच पाहिजे. आनि टाकीची जागा चुकलीय, ती धनगरवाडीच्या वर घ्या, म्हंजे त्यांना पन जाईल. आमी मोजलाय. एकशेसाठ फूट पाइप जादा लागंल.”

वर्गात सगळे गप्प. पंपवाला म्हणून तुम्हांला कळतं की ती बरोबर बोलतेय. उंची, ढकल, पाइपचा व्यास. हे गणित तुम्ही रोज चौदा मजल्यांसाठी करता. ती डोक्यावर हंडा घेऊन करत आली.

“ठीक,” अध्यक्ष म्हणतात. “ठराव लिहा. फरशीच्या फंडातून मोटर आणि पाइप. सूचक?”

“काकी,” मागच्या बाकावरचा म्हणतो.

“ती सभासद नाही,” खजिनदार. “वर्गणी मुलाच्या नावावर आहे. मुलाचं नाव लिहा.”

“मुलगा सुरतेला.”

“मग काय झालं? नाव तर वहीत आहे.”

अध्यक्ष तुमच्याकडे बघतात. तुम्ही ‘सूचक’ लिहून दोन टिंबं दिलीत आणि पेन तिथंच टेकलंय. शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.

“काकी,” तुम्ही फोनजवळ जाऊन जरा मोठ्यानं म्हणता, “पूर्ण नाव सांगा.”

हेलिकॉप्टर परत येतंय, समुद्राकडून. पडद्यावरचं कपाळ हलत नाही. रेंज गेली असावी. मग आवाज येतो.

“कुनाचा? माजा?”